प्रवाळ : पुस्तकातलं आणि मालवणच्या समुद्रातलं



प्राण्यांचं वर्गीकरण शिकवताना निडारिया संघ आला की आपण फळ्यावर उदाहरणं लिहितो : जलव्याल, समुद्रफूल, जेलीफिश, प्रवाळ. मुलं वहीत उतरवून घेतात. परीक्षेत 'दंशपेशी कोणत्या संघात आढळतात?' असा एक गुणाचा प्रश्न येतो, मुलं तो सोडवतात, संपलं. मी बारा वर्षं हे असंच शिकवलं. त्यातलं 'प्रवाळ' मी स्वतः कधी पाहिलेलं नव्हतं. आपल्या संभाजीनगरात पाण्याचा मोठा साठा म्हणजे पैठणचा नाथसागर, आणि आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांनी तोही बसच्या खिडकीतूनच पाहिलेला.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत भाऊबीज आटोपून आम्ही मालवणला गेलो. मी, हे, चौथीतली लेक आणि सातवीतला भाचा. नगर, पुणे, कोल्हापूर, फोंडा घाट, कणकवली असा सहाशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास. वाटेत कोल्हापूरला मुक्काम केला, आणि तो केलाच पाहिजे. लहान मुलांना घेऊन एका दमात जाऊ नका. तिथे जे पाहिलं, जे चुकलं आणि परत आल्यावर जे वाचून काढलं, ते सगळं इथे मांडते आहे. वर्गात वापरता येईल असं बरंच आहे त्यात.

बेट कोणतं?

प्रवाळाचं बेट म्हटलं की लक्षद्वीप, अंदमान, मालदीव डोळ्यांपुढे येतात. ते खरंच आहे. भारतात मोठे प्रवाळ खडक चार ठिकाणी आहेत : कच्छचं आखात, लक्षद्वीप, मन्नारचं आखात व पाल्कची सामुद्रधुनी, आणि अंदमान-निकोबार. महाराष्ट्राचं नाव या यादीत नाही, त्यामुळे 'महाराष्ट्रात प्रवाळ नाही' असं आपण मुलांना अगदी सहज सांगून टाकतो. ते चूक आहे. १९७९ मध्येच गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या कासिम आणि वफार या शास्त्रज्ञांनी पश्चिम किनाऱ्यावर अनेक ठिकाणी जिवंत प्रवाळ असल्याची नोंद केली होती, आणि त्यात मालवणही होतं.

मालवणच्या धक्क्यावरून समोर दिसतो तो सिंधुदुर्ग किल्ला. कुरटे नावाच्या छोट्या बेटावर शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी त्याचं काम सुरू केलं. हा इतिहास तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे तिथे थांबत नाही. फक्त एक गोष्ट. किल्ल्यात दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. चारही बाजूंनी खारं पाणी आणि मध्ये गोडं, हे कसं? बेटावर पडलेलं पावसाचं पाणी खडकाच्या फटींतून मुरतं, आणि गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं असल्यामुळे ते सहजी मिसळून जात नाही, वरच्या थरात टिकून राहतं. लक्षद्वीपच्या बेटांवर लोक जगू शकतात तेही याच कारणाने. घनतेचा धडा शिकवताना हे उदाहरण जरूर घ्या.

किल्ल्याच्या तटाबाहेर, पाण्याखालच्या खडकांवर, प्रवाळ आहे. लक्षद्वीपसारखी प्रवाळानेच बांधलेली बेटं इथे नाहीत. खडकावर ठिकठिकाणी वाढलेले तुकडे आहेत. कारण सरळ आहे. पावसाळ्यात कोकणातल्या नद्या समुद्रात गढूळ गोडं पाणी ओततात, आणि प्रवाळाला ऊन लागतं, स्वच्छ पाणी लागतं, खारटपणा फार बदललेला चालत नाही. चार महिने असा मार खाऊन जे टिकलं ते इथे आहे. मला तर त्यामुळे मालवणच्या प्रवाळाचं जास्तच कौतुक वाटतं.

१३ एप्रिल १९८७ रोजी हा भाग 'मालवण सागरी अभयारण्य' म्हणून जाहीर झाला. एकूण क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर. त्यातला ३ चौरस किलोमीटरच्या थोडा वरचा भाग गाभा क्षेत्र. सिंधुदुर्ग आणि शेजारचा पद्मगड त्यातच येतात. आपलं जायकवाडी पक्षी अभयारण्य १९८६ चं, म्हणजे दोन्ही साधारण एकाच वयाची.

तिथीची पाऊणपट

धक्क्यावर होडीची वाट पाहत असताना जाळं दुरुस्त करत बसलेल्या एका आजोबांना मी विचारलं, "काका, ओहोटी किती वाजता?" त्यांनी मलाच उलट विचारलं, "आज तिथी कोणती?" मला सांगता येईना. चार दिवसांपूर्वी भाऊबीज झाली, म्हणजे द्वितीया, मग आज षष्ठी, असा हिशेब लेकीने बोटांवर करून सांगितला. आजोबा म्हणाले, सहाची पाऊणपट साडेचार. साडेचारला भरती. त्याच्या सहा तास आधी, साडेदहाला ओहोटी.

मी थक्क झाले. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणायचं की भरतीची वेळ येते! हा किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा आहे. कारण असं की चंद्र रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येतो, आणि भरतीही त्याच्याबरोबर रोज तेवढी पुढे सरकते. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटं, म्हणजे जवळपास तेवढंच. मोबाईलवर पाहिलं तर तासाभराचा फरक पडला, कारण गावागणिक वेळ थोडी बदलते. पण पंचांग आणि पावकी-निमकी-पाऊणकी एवढ्या भांडवलावर काढलेलं उत्तर म्हणून ते वाईट नाही. आपल्या भूगोलाच्या पुस्तकात उधाणाची भरती आणि भांगाची भरती आहेच : अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. आम्ही षष्ठीला होतो, म्हणजे भांगाच्या जवळ, पाणी फार ओढणारं नव्हतं. हे आम्ही ठरवून केलं नव्हतं, नशिबाने जुळलं. तुम्ही मात्र ठरवून करा.

आणखी एक. पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद असतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाणी गढूळ असतं. पाण्याखालचं दिसायला हवं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा. उन्हाळ्याच्या सुट्टीत, मे महिन्यात, सगळा महाराष्ट्र तिथे लोटतो; तेव्हा जाऊ नये असं माझं मत.

नळी एवढी आखूड का?

स्नॉर्केलिंग म्हणजे डोळ्यांना काच, तोंडात नळी, आणि पाण्यावर पालथं तरंगत खाली बघायचं. पाठीवर सिलिंडर घेऊन खोल जायचं ते स्कूबा. लोक दोन्हीला एकच समजतात, म्हणून सांगितलं.

होडीत भाच्याने विचारलं, "मामी, नळी एवढीशीच का? दोन मीटरची असती तर खोल गेलो नसतो का?" सिनेमात बघा, शत्रूपासून लपलेला नायक तळ्यात बुडी मारून बोरूच्या लांब काडीने श्वास घेत बसतो. प्रत्यक्षात ते जमत नाही. दर दहा मीटर खोलीला पाण्याचा दाब एका वातावरणाएवढा वाढतो. फक्त एक मीटर खाली गेलात तरी छातीवर एवढा दाब येतो की फासळ्यांचे स्नायू छाती फुगवून वरची हवा आत ओढू शकत नाहीत. शिवाय नळी लांब असेल तर सोडलेला श्वास नळीतच राहतो आणि तोच पुन्हा आत येतो. म्हणून नळी साधारण हातभर. हा प्रश्न वर्गात विचारून पाहा, दाबाचा धडा मुलं स्वतःच पुढे नेतात.

काचेचंही तसंच. आपला डोळा हवेतून येणारा प्रकाश वाकवायला बनलेला आहे. डोळ्याला थेट पाणी लागलं की सगळं धुरकट. काचेमागे हवेचा थर राहतो म्हणून स्पष्ट दिसतं, पण अपवर्तनामुळे वस्तू खऱ्या अंतराच्या पाऊणपटीवर भासते (इथेही पाऊणच!) आणि मोठी वाटते. भाच्याने परत आल्यावर हात पसरून 'एवढा मासा' दाखवला, त्यातला चौथा हिस्सा वजा करायला हरकत नाही.

टाचेखाली

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला बसले ते.

आम्ही लाइफ जॅकेट घालून, रिंगला धरून पाण्यात उतरलो. बरोबरच्या मुलाने सांगितलं होतं, "ताई, पाय खाली सोडू नकात." मी ऐकलं होतं. डोकं पाण्यात घातलं आणि पहिल्या मिनिटाला मी शिक्षिका वगैरे सगळं विसरले. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे बोटभर मासे, ज्यांना सार्जंट मेजर म्हणतात, आमच्या हातांभोवती फिरत होते. खाली खडकावर काळ्या लांब काट्यांचे सी-अर्चिन. एक निळसर-हिरवा पोपटमासा दगडाला चोचीसारख्या दातांनी खरवडत होता आणि तो कुरकुर आवाज पाण्यात स्पष्ट ऐकू येत होता. आणि त्या दगडांवर तपकिरी, पिवळसर, शेवाळी रंगाचे गोळे. काही मेंदूसारखे वळ्यावळ्यांचे, काही पसरट वाटीसारखे.

लेक माझ्या डाव्या हाताला होती. तिच्या काचेत पाणी शिरलं, ती घाबरली, मला बिलगली. मी तिला सावरायला म्हणून उभी राहायला गेले. शहरातल्या माणसाला दुसरं काय सुचणार! पाणी छातीएवढंच होतं. माझी टाच खाली टेकली आणि टाचेखाली काहीतरी करकरलं. वाळलेली जाड पोळी मोडावी तसं.

लेकीची काच नीट झाली. तिने खाली पाहिलं आणि होडीत आल्यावर विचारलं, "आई, तू ज्याच्यावर उभी राहिलीस तो मेला का?"

बारा वर्षं मी प्रवाळ 'प्राणी' या शीर्षकाखाली शिकवला होता, आणि उत्तर मला माहीत नव्हतं. खरं तर तो प्रश्न मला कधी पडलाच नव्हता, कारण मनातून मी त्याला दगडच समजत होते.

मग मी जे शोधलं

प्रवाळाचा एक जीव, ज्याला पॉलिप म्हणतात, तो बहुधा काही मिलिमीटरचा असतो. एक मऊ पिशवी. वर एकच तोंड आणि त्याभोवती संस्पर्शकांचं कडं. खाणं त्याच तोंडातून आत, आणि टाकाऊही त्याच तोंडातून बाहेर. वर्गात हे वाक्य आलं की पाच मिनिटं हशा. हसू द्या, ते विसरणार नाहीत. संस्पर्शकांवर आपल्या ओळखीच्या दंशपेशी असतात. रात्री पॉलिप फुलतो आणि पाण्यातले बारीक जीव पकडतो.

पण तेवढ्याने त्याचं पोट भरत नाही. त्याच्या पेशींच्या आत एकपेशीय शैवालं राहतात. ती सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा घरमालकाला देतात. अनेक प्रवाळांना लागणाऱ्या ऊर्जेतला ९० टक्क्यांपर्यंत हिस्सा असा भाडेकरूकडून येतो. बदल्यात शैवालाला सुरक्षित जागा आणि पॉलिपचा टाकाऊ नायट्रोजन, कार्बन डायऑक्साइड. सहजीवन शिकवताना आपण दगडफूल (लायकेन) सांगतो; त्याच्या शेजारी हे ठेवा. प्रवाळाचा तपकिरी-हिरवट रंग मुख्यतः या शैवालांचाच. आणि उथळ, स्वच्छ पाणी का लागतं याचंही उत्तर इथेच मिळालं : भाडेकरूला ऊन हवं.

पॉलिप आपल्या तळाशी चुन्याची, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटची, वाटी बांधतो. स्वतःसारखाच दुसरा पॉलिप शेजारी फुटतो, तोही वाटी बांधतो. जुन्या वाटीवर नवी वाटी. असे हजारो जीव मिळून एक गोळा होतो. आतला सगळा चुना निर्जीव, जिवंत असते ती फक्त वरची पातळ साल. माझ्या टाचेखाली करकरल्या त्या वाट्या, आणि चिरडली गेली ती साल.

गोळ्यासारखा वाढणारा प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटीमीटरच्या आसपास वाढतो, काही जाती त्याहूनही कमी. म्हणजे नारळाएवढा गोळा माझ्या चौथीतल्या लेकीच्या वयाचा तरी असणार.

आता तिच्या प्रश्नाचं उत्तर. टाचेखाली आलेले पॉलिप मेले. गोळा बहुधा मेला नाही. जखम छोटी असेल तर कडेचे जिवंत पॉलिप हळूहळू त्यावर पसरतात. पण तोवर त्या उघड्या चुन्यावर दुसरं शेवाळ येऊन बसलं, किंवा त्याच जागी उद्या दुसरी टाच पडली, तर नाही भरून येत. आणि त्या दिवशी त्या जागी आमच्यासारख्या किती होड्या आल्या होत्या ते मी मोजलं नाही.

लेकीला हे सगळं असंच सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे खरचटलं." मी म्हटलं, हो, खरचटलं.

गरम पाणी, आणि लिंबाचा प्रयोग

टाचेचं मी सांगितलं, पण त्याहून मोठं संकट पाण्याच्या तापमानाचं. नेहमीच्या उन्हाळ्यातल्या कमाल तापमानापेक्षा पाणी एखाद्या अंशानेच जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, तर सहजीवन बिघडतं आणि प्रवाळ आपल्यातली शैवालं बाहेर टाकतो. रंग जातो, आतला पांढरा चुना दिसू लागतो. याला विरंजन म्हणतात. पांढरा प्रवाळ लगेच मेलेला नसतो, उपाशी असतो. पाणी वेळेत थंड झालं तर शैवालं परत येतात. नाही झालं तर तो उपासमारीने मरतो. १९९८, २०१०, २०१४ ते २०१७ अशा जगभरच्या लाटा येऊन गेल्या, आणि एप्रिल २०२४ मध्ये चौथी लाट सुरू असल्याचं शास्त्रज्ञांनी जाहीर केलं. लक्षद्वीपला या लाटांचा फटका बसला आहे.

दुसरं, हवेतला कार्बन डायऑक्साइड समुद्रात विरघळतो आणि पाण्याचा सामू थोडा खाली येतो. औद्योगिक काळाच्या सुरुवातीपासून तो सुमारे ८.२ वरून ८.१ झाला आहे. दिसायला ०.१, पण सामूची पट्टी दशपटीची असल्याने हा फरक लहान नाही. चुन्याची वाटी बांधणं त्यामुळे जड जातं.

हे वर्गात दाखवायला समुद्र लागत नाही. आपल्याकडे घरोघरी शहाबादी फरशी आहे. ती चुनखडीच. तिच्या एखाद्या फुटक्या तुकड्यावर लिंबू पिळा, बारीक बुडबुडे येतात. (घरातल्या ओट्यावर करू नका, डाग पडतो. मला अनुभव आहे.) किंवा कच्चं अंडं रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवा; सकाळी कवच गेलेलं आणि अंडं रबरी चेंडूसारखं. मात्र मुलांना नीट सांगा की समुद्र व्हिनेगर झालेला नाही. तो अजून अल्कधर्मीच आहे, फक्त आधीपेक्षा कमी. प्रयोग वाढवून दाखवतो, हे न सांगता पुढे गेलो तर मुलं घरी जाऊन भलतंच सांगतात.

फळ्याचा खडू मात्र या प्रयोगाला घेऊ नका. आजकालचा खडू बहुतेक जिप्समचा असतो, बुडबुडे येत नाहीत आणि शिक्षकाची फजिती होते.

सराफ्यातलं पोवळं

पालक हमखास विचारतात, अंगठीतलं पोवळं तेच का हे? नाही. सराफ्यात मंगळासाठी म्हणून मिळणारं लाल पोवळं वेगळ्या गटातलं. त्याच्या पॉलिपला आठ संस्पर्शक असतात, आत शैवालं नसतात, म्हणून ते अंधाऱ्या खोल पाण्यातही वाढतं आणि प्रवाळ खडक बांधत नाही. त्याचं जुनं प्रसिद्ध ठिकाण भूमध्य समुद्र. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालात पोवळ्याचं नाव आहे, आणि त्याच बंदराकडे पैठणहून माल जायचा हेही त्यातच आहे. म्हणजे समुद्र न पाहिलेल्या आपल्या मराठवाड्याचा पोवळ्याशी संबंध दोन हजार वर्षांचा आहे. इतिहासाच्या शिक्षकांनी हा धागा जरूर उचलावा.

आणि सांगून ठेवते : वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत खडक बांधणारे प्रवाळ आहेत. वाघ ज्या यादीत, त्याच यादीत. किनाऱ्यावर सापडला म्हणून प्रवाळाचा तुकडा शोकेसमध्ये ठेवायला आणू नये. आमच्या शेजारच्या होडीतल्या एकाने पाण्यातून तुकडा काढून पर्यटकाच्या हातात फोटोसाठी दिला. फोटो झाल्यावर तो पाण्यात फेकला. फेकलेला तुकडा वाळूत पालथा पडला की खालची बाजू मेलीच.

बिस्किटांचंही तसंच. मासे जवळ यावेत म्हणून पाण्यात बिस्किटं आणि पाव चुरतात. फोटो छान येतो. पण यातले बरेच मासे खडकावरचं शेवाळ खाणारे, आणि ते खातात म्हणून प्रवाळाला जागा राहते. पोपटमासा तर चुन्यासकट खरवडतो आणि त्याची पांढरी वाळू करून बाहेर टाकतो. लक्षद्वीप-मालदीवच्या पांढऱ्या वाळूतली बरीचशी अशी तयार झालेली. (हे सांगितल्यावर वर्गात जो गोंधळ झाला तो शेजारच्या वर्गापर्यंत ऐकू गेला.) त्यांना आयती बिस्किटं दिली तर शेवाळ कोण खाणार? मी दुसऱ्या दिवशी बिस्किटं नको म्हटलं. मासे तरीही आले.

होडीवाल्यांची बाजू

एवढं वाचून 'स्थानिकांना काही पडलेली नाही' असं कुणी म्हणेल. मला तसं म्हणायचं नाही. अभयारण्य जाहीर झालं तेव्हापासून तिथल्या मच्छीमारांचा त्याला विरोध राहिला आहे, आणि तो का हे समजण्यासारखं आहे. पिढ्यान्‌पिढ्या रापण ओढणारी माणसं. एके दिवशी कागदावर रेघ ओढली गेली आणि त्यांच्या दारातला समुद्र राखीव झाला. दुसरीकडे खोल समुद्रात मोठ्या यांत्रिक बोटी एका फेरीत ढीगभर मासळी उचलतात. मासळी कमी झाली तेव्हा याच घरांतली तरुण मुलं पर्यटकांना पाण्यात नेऊ लागली. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे, तिथे रीतसर शिकता येतं. आमच्याबरोबरचा मुलगा चांगला होता. त्याने सांगितलेलं मीच पाळलं नाही.

पालकांसाठी, जरा स्पष्टच

मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी बोट उलटली आणि दोन पर्यटकांचा जीव गेला. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरुडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले. घाबरवायला सांगत नाही; पण आपल्याकडची माणसं समुद्राला मोठं तळं समजतात.

होडीत चढण्याआधी लाइफ जॅकेट मुलाच्या अंगाला घट्ट बसतं का ते स्वतः ओढून पाहा. खांद्यापाशी धरून वर उचललं आणि ते कानांपर्यंत सरकलं तर ते मोठं आहे, लहान मापाचं मागा. सगळे क्लिप लागले पाहिजेत, एकही तुटका नको. होडीत ठरल्यापेक्षा जास्त माणसं दिसली तर उतरा, पैसे गेले तरी चालतील. सर्दी किंवा कान दुखणारं मूल, दमा असलेलं मूल पाण्यात नको. आणि मूल 'नाही' म्हणालं तर ते नाहीच. भाच्याच्या वयाच्या एका मुलाला त्याचे वडील "काय घाबरतोस मुलींसारखा" म्हणत ढकलत होते. तो रडत होता, आणि माझी लेक ते ऐकत होती.

पाण्यात जाण्याआधी बादलीत नळी-काच घालून श्वास घ्यायचा सराव घरीच करा. हे आम्ही केलं असतं तर लेक घाबरली नसती आणि माझी टाचही टेकली नसती. सनस्क्रीनपेक्षा पूर्ण बाह्यांचे कपडे बरे. काही सनस्क्रीनमधल्या रसायनांचा प्रवाळाला त्रास होतो म्हणून हवाई बेटांवर २०२१ पासून तसली विकायला बंदी आहे.

सहलीचं काय ठरलं

शाळा सुरू झाल्यावर मी तिथीचा ठोकताळा सातवीच्या वर्गाला दिला. एका मुलाने लगेच अडवलं : "मॅडम, अमावास्येला पंधरा धरायचे की तीस? पंचांगात तीस लिहितात." पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, तिसाची साडेबावीस. दोन्ही करून पाहिलं तर रात्रीच्या भरतीत पाऊण तासाचा फरक येतो. मग ठरलं, पक्ष बदलला की मोजणी पुन्हा एकपासून.

यंदा सहल मालवणला न्यावी असं मुख्याध्यापकांच्या मनात आहे. साठ मुलं. मी पाण्यात उतरवायला नाही म्हटलं आहे, आणि त्यावर ठाम आहे. साठ मुलं म्हणजे एकशेवीस टाचा, आणि आम्ही शिक्षक सहा. किल्ला पाहायचा. आणि ओहोटीला किनाऱ्यावरच्या खडकांतल्या डबक्यांत, घोट्याएवढ्या पाण्यात, जे दिसेल ते हात न लावता पाहायचं : खेकडे, समुद्रफूल, शिंपले, कालवं. पाणी जास्तीत जास्त मागे हटायला हवं तर उधाणाचे दिवस बरे, पण अमावास्या-पौर्णिमेला ओहोटी पहाटे नाहीतर संध्याकाळी येते. म्हणून वद्य तृतीया धरली. तिनाची पाऊणपट सव्वादोन, त्याआधी सहा तास सव्वाआठ, त्यातून मालवणचा तासभर वजा. म्हणजे सकाळी सव्वासातला मुलं खडकांपाशी पाहिजेत, आणि त्यासाठी बस आदल्या दिवशी उजेडात पोचली पाहिजे. ट्रॅव्हल्सवाल्याला तेवढं अजून पटलेलं नाही.